एकाच ओळीत सरकत जाणारा मोझॅक: हरितगृहातील टोमॅटोत विषाणू नेमका कशाने पसरतो?

वेलीमागे (प्रश्न)

नमस्कार. कोकोपीटच्या पिशव्यांत लावलेल्या आणि सुतळीने वरच्या तारेपर्यंत चढवलेल्या आमच्या टोमॅटोत गेल्या तीन आठवड्यांपासून एक रोग वाढत चालला आहे. त्याची चाल मला उलगडत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

लागवडीला ११ आठवडे झाले आहेत. सुरुवातीला चौथ्या ओळीत, दारापासून बऱ्याच आत, दोन झाडांच्या शेंड्याकडील पानांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे मोझॅकसारखे चट्टे दिसले. मला ती अन्नद्रव्यांची कमतरता वाटली आणि खतांचे प्रमाण बदलून मी आठवडाभर वाट पाहिली. त्या आठवड्यात त्याच ओळीतील पुढची पाच झाडे तशीच झाली. नवी पाने अरुंद आणि निमुळती येऊ लागली, काही तर नेच्याच्या पानांसारखी दिसू लागली. आज चौथ्या ओळीत सलग १९ आणि पाचव्या ओळीत ७ झाडे रोगट आहेत. तिसरी ओळ चौथीला तितकीच जवळ असूनही तिच्यात एकही रोगट झाड नाही. काही फळांवर पिवळे डाग आहेत, दोन फळांची साल तपकिरी आणि खरबरीत झाली आहे आणि फळावरची हिरवी टोपी करपल्यासारखी दिसते.

पांढऱ्या माशीचा संशय धरून मी दोन वेळा कीटकनाशक फवारले, पण काहीच फरक पडला नाही. पिवळ्या चिकट सापळ्यांवर संपूर्ण आठवड्यात चारच माश्या सापडल्या. बियाण्याच्या पाकिटावर हे वाण टोमॅटो मोझॅक विषाणूला प्रतिकारक असल्याचे स्पष्ट छापलेले आहे. मग हा रोग आला कुठून, पसरतो कशाने आणि फक्त रोगट झाडे काढली तर तो थांबेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

ओळीओळीने

तुमच्या वर्णनात मला सर्वांत बोलकी वाटली ती निरोगी राहिलेली तिसरी ओळ. उडणारी कीड ओळ पाळत नाही. ती दारातून, झरोक्यातून किंवा जाळीच्या फाटक्या जागेतून आत आली की आधी कडेच्या झाडांवर उतरते आणि मग इकडेतिकडे विखुरते. त्यामुळे किडीने पसरवलेला रोग ठिपक्याठिपक्यांनी दिसतो आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये निरोगी झाडे राहतात. माणूस मात्र ओळीनेच चालतो. बगलफूट (पानाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब) काढणारा, सुतळीला पीळ देणारा, खालची पाने खुडणारा कामगार एका झाडावरून लगतच्या झाडाला हात लावतो आणि चौथी ओळ संपली की वळून पाचवीत शिरतो. तिसरी ओळ त्याआधीच उरकलेली असते किंवा दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला असते. तुमच्याकडे कामाचा क्रम असाच आहे का, हे आधी तपासा. माझा अंदाज आहे की असाच असेल.

तासभर बगलफूट काढल्यावर स्वतःच्या अंगठ्याकडे नीट पाहा. त्यावर आधी पिवळसर हिरवा आणि मग काळपट, चिकट थर चढलेला असतो, आणि साबणाने हात धुतले तर फेससुद्धा पिवळा येतो. पानांवरच्या आणि खोडावरच्या बारीक ग्रंथीयुक्त लवेतून निघालेला चिकट द्रव आणि तुटलेल्या पेशींचा रस यांचा तो थर असतो. झाडात विषाणू असेल तर त्या रसातून तोही अंगठ्यावर येतो. वनस्पतीच्या पेशीला भिंत असल्यामुळे विषाणूला स्वतःहून आत शिरता येत नाही, त्याला जखम लागते. ती जखम विळ्याचीच हवी असे मुळीच नाही. बाहीचा ओझरता स्पर्श होऊन पानावरचे दोन-चार केस मोडले तरी तेवढी वाट त्याला पुरते. बगलफूट मोडताना तर आपण रसाळ, ताजी जखम करतो आणि तिच्यावर तोच अंगठा टेकवतो.

माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे निदान तुमच्याकडून ती होणार नाही. काही हंगामांपूर्वी अशीच आठ रोगट झाडे मी उपटली, ती कवेत घेतली आणि मधल्या वाटेने बाहेर नेली. झाडे उंच होती, त्यांचे शेंडे दोन्ही बाजूंच्या वेलींना घासत गेले. साधारण अडीच आठवड्यांनी त्या वाटेच्या दोन्ही कडांना मोझॅक दिसू लागला, जिथून मी चाललो होतो अगदी तिथूनच. तेव्हापासून रोगट झाड जागच्या जागी कापून, तिथेच पिशवीत भरून, पिशवीचे तोंड बांधल्याशिवाय मी ते हलवत नाही.

आज संध्याकाळी एवढे करा: कागदावर प्रत्येक झाडासाठी एक चौकोन आखा आणि रोगट झाडाच्या चौकोनात लक्षण प्रथम दिसल्याची तारीख लिहा. रोग पसरवणाऱ्याची वाट त्या कागदावर दिसू लागेल.

भिंगातून

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. निदानाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण पाकिटावरच्या त्या प्रतिकारक शब्दाने तुमच्या मनात गोंधळ निर्माण झालेला दिसतो.

फळांवरचा तपकिरी खरबरीतपणा, करपलेली टोपी, अरुंद झालेली पाने आणि ओळीने होणारा प्रसार ही सारी लक्षणे एकत्र पाहिली तर संशय टोबॅमोव्हायरस गटावर जातो. टोमॅटो मोझॅक विषाणू याच गटातला आहे आणि त्याच्याविरुद्ध टीएम-२ वर्ग (Tm-2²) या नावाने ओळखले जाणारे जनुक कित्येक दशके हरितगृहांतील वाणांना उत्तम संरक्षण देत आले. त्याच गटातील टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस हा नवा विषाणू २०१४ मध्ये इस्राएलमध्ये आणि २०१५ मध्ये जॉर्डनमध्ये हरितगृहातील टोमॅटोवर आढळला, आणि नेमका हाच विषाणू त्या जनुकाला दाद देत नाही. २०१८ आणि २०१९ या दोनच वर्षांत जर्मनी, इटली, मेक्सिको, अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स आणि चीन येथे त्याची नोंद झाली. म्हणजे पाकिटावर छापलेले खोटे नाही, ते फक्त दुसऱ्या विषाणूबद्दल आहे. या नव्या विषाणूला प्रतिकार करणारी वाणे आता बाजारात येत आहेत आणि त्यांच्या पाकिटावर या विषाणूचे नाव वेगळे दिलेले असते. पुढच्या लागवडीच्या वेळी ते नाव शोधून पाहा.

या गटाचा विषाणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर रुंद अशा ताठ काडीसारखा असतो. आत आरएनएचा एक धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे घट्ट आवरण, एवढीच त्याची रचना असते. स्निग्ध पदार्थांचे बाह्य कवच त्याला नसते. त्याच्या चिवटपणाचे मूळ या रचनेत आहे. वाळलेल्या पानात, सुतळीवर, प्लास्टिकच्या चिमट्यावर, क्रेटच्या कोपऱ्यात तो कित्येक महिने टिकून राहतो आणि रस लागला की पुन्हा रोग निर्माण करू शकतो.

तरीही केवळ लक्षणांवरून निर्णय घेऊ नका. पेपिनो मोझॅक विषाणूसुद्धा फळांवर असेच पिवळे डाग पाडतो, तोही हातांनी आणि अवजारांनी पसरतो, आणि १९९९ मध्ये नेदरलँड्समधील हरितगृहांत दिसल्यापासून तो टोमॅटोचा मोठा शत्रू ठरला आहे. शेंड्याकडील कोवळी पाने आणि फळांच्या टोप्या यांचा नमुना घेऊन पट्टी चाचणी करा; तिचे उत्तर काही मिनिटांत मिळते. मात्र ही पट्टी टोबॅमोव्हायरस गटातील भावंडांमध्ये नीट भेद करत नाही, त्यामुळे ती सकारात्मक आली तर नमुना आरटी-पीसीआर (विषाणूच्या जनुकीय द्रव्यावरून त्याची ओळख पटवणाऱ्या) चाचणीसाठी प्रयोगशाळेत पाठवा. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते तीन आठवडे जातात. याचा अर्थ तुम्ही आज मोजलेली २६ झाडे हे दोन-तीन आठवड्यांपूर्वीचे चित्र आहे, आणि आज निरोगी दिसणाऱ्या झाडांपैकी काहींत विषाणू आधीच पोहोचलेला असणार.

पिवळा सापळा

माझे मत थोडे वेगळे आहे. या प्रश्नापुरता दोष हातांचाच असावा, हे मलाही पटते. पण हे वाचून कोणी जाळीकडे दुर्लक्ष करू नये, म्हणून लिहितो. हरितगृहातील टोमॅटोचे बरेच दुखणे किडींच्या वाटेने येते आणि प्रत्येक किडीची रीत निराळी असते.

पांढरी माशी पर्णगुच्छाचा विषाणू रोगट झाडाचा रस काही मिनिटे शोषून घेते, तो तिच्या शरीरातून फिरून लाळेत येण्यास काही तास लागतात आणि त्यानंतर ती बहुधा आयुष्यभर तो पसरवत राहते. त्यामुळे माश्यांची संख्या कमी असली तरी नुकसान मोठे होऊ शकते. हा पर्णगुच्छाचा विषाणू मात्र अंगठ्यावरच्या रसातून पसरत नाही. फुलकिड्यांची रीत मला सर्वांत विलक्षण वाटते. स्पॉटेड विल्टचा विषाणू फुलकिड्याला फक्त पिल्लाच्या अवस्थेत घेता येतो, प्रौढाने रोगट झाडावर कितीही रस शोषला तरी तो वाहक होत नाही. पण पिल्लूपणी घेतलेला विषाणू त्याच्या शरीरात वाढतो आणि तो प्रौढ होऊन उडू लागला की मरेपर्यंत प्रत्येक झाडाला देत राहतो. म्हणून हरितगृहाच्या आत किंवा भिंतीलगत वाढलेले, फुलकिड्यांची पिल्ले पोसणारे तण धोक्याचे आहे. बाहेरून आलेला एखादा प्रौढ फुलकिडा त्यामानाने कमी घातक. माव्याची तर आणखी तिसरीच तऱ्हा. काकडी मोझॅकचा विषाणू तो काही सेकंदांच्या टोचणीत उचलतो आणि पुढच्या झाडाला तितक्याच झटपट देतो, त्यामुळे कीटकनाशकाने तो मरण्याआधीच त्याचे काम झालेले असते.

पांढऱ्या माशीसाठी साधारण ५० मेशची (एका इंचात ५० छिद्रे असलेली) जाळी लावतात. फुलकिडे तिच्यातूनही आत येतात, त्यांच्यासाठी आणखी बारीक जाळी लागते आणि जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी खेळते, तेव्हा जाळीचे क्षेत्रफळ वाढवून ती तूट भरून काढावी लागते. दुहेरी दारांपैकी एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम कामाच्या घाईत सर्वांत आधी मोडतो. तो पाळला जातो की नाही हे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे.

आणखी एक गोष्ट. किडीने पसरणाऱ्या रोगाचे झाड उपटण्याआधी त्यावरची कीड मारली नाही, तर झाड हलताच माश्या उडून शेजारी बसतात. अशा वेळी आधी फवारणी आणि मग पिशवी, हा क्रम चुकवू नये.

वेलीमागे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नकाशा काढला. चौथ्या ओळीतील तारखा एकामागोमाग एक अशा लागल्या की पाहताना पोटात गोळा आला. कामाचा क्रमही विचारला: एक कामगार पहिल्या ते तिसऱ्या ओळीचे काम करतो आणि दुसरा चौथीपासून पुढे. म्हणजे अंदाज अचूक ठरला. पट्टी चाचणी सकारात्मक आली, पीसीआरसाठी नमुना पाठवला आहे.

दोन शंका उरल्या आहेत. दारात हातांसाठी अल्कोहोलचे जेल ठेवलेले आहे आणि सर्वजण ते नेमाने वापरतात, तरीही असे का झाले? आणि मुळात पहिल्या दोन झाडांत हा विषाणू आला कुठून?

भिंगातून

पहिल्या शंकेचे उत्तर त्या कवचात आहे. अल्कोहोल प्रामुख्याने स्निग्ध कवच असलेले विषाणू निकामी करते. टोबॅमोव्हायरसला ते कवचच नसल्यामुळे जेल चोळून विषाणू एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जातो, एवढेच होते. हातांसाठी स्किम्ड दूध पावडरचे सुमारे २० टक्के द्रावण वापरतात, कारण दुधातील प्रथिने विषाणूच्या कणांवर थर चढवून त्यांना निष्प्रभ करतात. ते दर काही झाडांनंतर पुन्हा घ्यावे लागते आणि दिवसातून अनेकदा बदलावे लागते. एकदा वापरायचे हातमोजे ओळीगणिक बदलणे हा त्याहून सोपा मार्ग आहे. अवजारांसाठी सोडियम हायपोक्लोराइटचे ०.५ टक्क्यांचे ताजे द्रावण चालते, पण पानांचा चिखल त्यात मिसळला की क्लोरीनचा जोर संपतो, म्हणून आधी अवजार धुऊन मग बुडवावे. प्रत्येक कामगाराकडे दोन चाकू द्या, म्हणजे एक वापरात असताना दुसरा द्रावणात पुरेसा वेळ राहील.

आणि कृपया मोबाइल विसरू नका. काम करताना मधेच खिशातून काढलेला, राप चढलेल्या बोटांनी हाताळलेला फोन तसाच पुन्हा खिशात जातो, आणि दुपारी हात धुऊन परत आलेला माणूस पहिल्या मिनिटाला त्याच काचेवर बोट ठेवतो.

रोपवाटिका

दुसऱ्या शंकेबद्दल मी लिहिते, कारण आमच्या व्यवसायाचा त्याच्याशी थेट संबंध आहे आणि इथे आम्ही जबाबदारी टाळू नये असे मला वाटते.

टोबॅमोव्हायरस बियाण्यातून येतो, पण बहुतेकांना वाटते तसा नाही. तो गर्भात नसतो, बियाच्या सालीवर आणि साली-खालच्या थरात बसलेला असतो. अंकुर साल फोडून वर येताना किंवा पुनर्लागवडीच्या वेळी मुळांना आणि बीजपत्रांना बारीक इजा होते, त्या वाटेने तो आत जातो. दूषित बियाण्यापासून प्रत्यक्ष रोगट रोप होण्याचे प्रमाण फार कमी असते, पण हजारो रोपांच्या गादीवर एक-दोन रोगट रोपेही पुरतात, कारण पुढचे काम आमचे हात करतात. कलम करताना तर दोन ताज्या जखमा एकमेकींवर बसवायच्या असतात. एकाच पात्याने सलग शेकडो रोपे कापली, तर रोपवाटिकेपेक्षा अधिक कार्यक्षम प्रसारक शोधूनही सापडणार नाही. आम्ही ठराविक रोपांनंतर पाते बदलतो, ट्रे एकदाच वापरतो आणि प्रत्येक खेपेची नोंद ठेवतो, जेणेकरून कोणाकडे रोग निघाला तर तीच खेप आणखी कुठे गेली हे त्याच दिवशी कळवता यावे.

बियाण्याच्या चाचणीच्या दाखल्याबद्दलही एक खुलासा करते. साधारणपणे ३,००० बियांचा नमुना तपासला जातो. त्यात विषाणू न सापडणे म्हणजे संपूर्ण खेप शुद्ध असणे असा अर्थ होत नाही. ढोबळ गणिताने इतकेच म्हणता येते की दूषित बियांचे प्रमाण हजारात एकापेक्षा कमी असण्याची खात्री ९५ टक्के आहे. आम्लाची किंवा ट्रायसोडियम फॉस्फेटची प्रक्रिया सालीवरचा विषाणू बराच कमी करते, म्हणून दाखला आणि प्रक्रिया दोन्ही मागा.

तुमच्या बाबतीत मात्र माझा पहिला संशय बियाण्यावर नाही. दूषित बी असते तर पहिली झाडे बहुधा लवकर आणि वेगवेगळ्या ओळींत दिसली असती. आठव्या आठवड्यापर्यंत शांत असलेल्या पिकात, आतल्या बाजूच्या दोनच झाडांवर सुरुवात झाली, यावरून बाहेरून आलेली एखादी वस्तू किंवा व्यक्ती मला अधिक संभवते: दुसऱ्या हरितगृहातून परत आलेले क्रेट, उसनी घेतलेली ट्रॉली, पाहुण्यांनी कुतूहलाने चाचपलेले पान, किंवा डब्यातून आणलेला बाहेरचा कच्चा टोमॅटो. फळातही विषाणू असतो आणि तो चिरणारा चाकू व हात तोच असतो.

वेलीमागे

पीसीआरचा निकाल आला, ब्राऊन रुगोजच आहे. क्रेटबद्दलचे वाचून चौकशी केली, तेव्हा कळले की दीड-दोन महिन्यांपूर्वी प्रतवारीच्या जागेवरून परत आलेले क्रेट जागा नसल्याने चौथ्या ओळीच्या मध्यावर रचून ठेवले होते. पहिली दोन झाडे त्या थप्पीला टेकलेली होती. मी स्वतःच ते तिथे ठेवायला सांगितले होते.

चौथी आणि पाचवी ओळ संपूर्ण काढायची असे ठरवत आहे. फक्त रोगट झाडे आणि दोन्ही बाजूंची काही झाडे काढण्याचा सल्लाही एकाने दिला आहे. आपले मत सांगावे. परागीभवनासाठी बंबल बीची पेटी आहे, तिचे काय करावे, हेही कृपया लिहावे.

ओळीओळीने

दोन्ही ओळी पूर्ण काढा. एक-दोनच रोगट झाडे असती तर शेजारची काही झाडे घेऊन भागले असते, पण १९ सलग झाडे असताना उरलेली ओळ निरोगी आहे असे समजणे धोक्याचे आहे. काम दिवसाच्या शेवटी करा, काढणारी माणसे त्यानंतर दुसऱ्या ओळीत जाणार नाहीत असे पाहा, आणि सुतळ्या, चिमटे, कोकोपीटच्या पिशव्या मुळांसकट बाहेर काढा. मुळांच्या तुकड्यांत विषाणू टिकतो आणि नव्या रोपाची मुळे तिथे पोहोचताना इजा झाली की तो पुन्हा लागतो. पुढे रोजचे काम निरोगी बाजूकडून, म्हणजे पहिल्या ओळीपासून सुरू करा आणि सहाव्या ओळीला शेवटी हात लावा. प्रत्येक कामगाराला ठरलेल्या ओळी द्या, म्हणजे नकाशावर पुन्हा चौकोन भरलाच तर वाट लगेच सापडेल.

निचऱ्याचे पाणी तुम्ही पुन्हा वापरत असाल तर ते आजच थांबवा. रोगट झाडांच्या मुळांतून विषाणू पाण्यात उतरतो. ते पाणी पुरेसे तापवून किंवा अतिनील किरणांची योग्य मात्रा देऊन निर्जंतुक केल्याशिवाय निरोगी ओळींना जाऊ नये.

बंबल बीबद्दल तुम्ही विचारलेत हे फार बरे केले, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती टोमॅटोच्या फुलातील परागकोशांचा शंकू जबड्यांनी घट्ट धरते आणि अंग थरथरवून पराग झाडून घेते. तिने धरलेल्या जागी तपकिरी चावे उमटतात, आणि त्या खुणा पाहूनच आपण परागीभवन झाल्याची खात्री करतो. त्याच चाव्यांतून रोगट फुलाचा विषाणू निरोगी फुलापर्यंत जातो, हे प्रयोगांतून दिसले आहे. ही पेटी रोगट ओळींच्या फुलांवर गेलेली आहे, म्हणून ती बंद करून काढून टाका. रोगट झाडे गेल्यावर नवी पेटी आणा, आणि तोपर्यंत तारेला हलका झटका देऊन परागीभवन करा, म्हणजे झाडांना हात लागणार नाही. आतल्या आणि भिंतीलगतच्या कामोणीच्या झुडपांकडेही पाहा. तिच्यात हा विषाणू राहू शकतो आणि तिच्यावर लक्षणे नसली तरी ती ठेवू नका.

तिसरी ओळ पुढचे चार आठवडे दर तीन दिवसांनी, शेंड्यापासून टोपीपर्यंत, हात न लावता तपासत राहा.